हात धरण्यापूर्वी

भीमाशंकरच्या डोंगररांगेत, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला वसलेल्या एखाद्या वाडीतील घर डोळ्यांसमोर आणावे. घरात पंचवीस-तीस वर्षांचा मुलगा आहे. शरीराने वाढलेला, बुद्धीने पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढा. दोन दिवस तो जेवत नाही. भाकरी तोंडाजवळ नेली की ढकलतो, रात्री उठून कपाळ भिंतीवर आपटतो, स्वतःच्याच मनगटाला चावतो. घरचे म्हणतात, अंगात आले; शेजारी म्हणतात, वेड वाढले. आठवड्याने गाल सुजतो तेव्हा आईला उलगडा होतो, की दाढ किडली आहे. मग घोडेगाव, तेथून मंचर. आणि दवाखान्यात शिरल्यावर पहिला प्रश्न येतो तो दाढेचा नसतो. ‘याला धरायला किती माणसे आणली आहेत?’ हा तो प्रश्न असतो.

हे घर काल्पनिक आहे, परंतु जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात ज्यांनी सेवाकार्याच्या निमित्ताने पायपीट केली आहे, त्यांना ते अनोळखी वाटणार नाही. चौघांनी हातपाय दाबायचे, एकाने डोके, जबड्यात काहीतरी सारून तोंड उघडे ठेवायचे आणि दाढ उपटायची. काम पाच मिनिटांत होते. आईवडील डॉक्टरांचे आभार मानून घरी जातात. यात कोणी दुष्ट नाही. डॉक्टरांना वेदना थांबवायची असते, आईलाही तेच हवे असते. तरीही त्या पाच मिनिटांत जे घडते त्याला नाव द्यावयाचे झाल्यास ‘जबरदस्ती’ याखेरीज दुसरा शब्द नाही. शिवाय त्या मुलाच्या दृष्टीने ती पाच मिनिटे कधीच संपत नाहीत. पुढच्या वेळी पांढरा डगला दिसला की तो जिवाच्या आकांताने पळतो, आणि त्याला धरायला चारांऐवजी सहा माणसे लागतात.

दातांचा विषय संपादकीयाच्या योग्यतेचा नाही, असे काही वाचकांना वाटेल. देशापुढे मोठे प्रश्न उभे असताना एका मतिमंद मुलाच्या दाढेची काय मातब्बरी? परंतु ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याच्याशी समाज कसा वागतो, यावरून त्या समाजाचे शील कळत नाही. ज्याचे ‘नाही’ कोणी मोजत नाही त्याच्याशी तो कसा वागतो, यावरून ते कळते. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांगांची नोंद झाली, त्यांपैकी सुमारे १५ लाख बौद्धिक दिव्यांग होते. नोंद न झालेले किती, हे ज्याने त्याने आपापल्या गावाकडे पाहून ठरवावे.

आंबेगावच्या पूर्वेस लागूनच शिरूर तालुका आहे. महाराष्ट्रातील सुजाण मनाला या विषयाची पहिली जाग आली ती शिरूरच्याच प्रकरणाने. तेथील शासकीय वसतिगृहात मतिमंद मुली व तरुणी राहत होत्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यापैकी दहाहून अधिक जणींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. आजार काहीही नव्हता. मासिक पाळीच्या काळात त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, सांभाळणाऱ्यांना त्रास होतो, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. बातमी फुटली, महिला संघटना व आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर आले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. ज्यांचे व्हायचे ते होऊन गेले होते.

त्या वेळी शस्त्रक्रियेच्या बाजूने जे युक्तिवाद झाले ते आज पुन्हा वाचले तर चकित व्हायला होते; कारण ते क्रूर माणसांचे युक्तिवाद नव्हते. त्यांना समजत नाही, त्यांच्या भल्यासाठीच आहे, सांभाळणाऱ्यांची अडचण तुम्हाला काय कळणार, असे ते सौम्य स्वरातले बोलणे होते. दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी आजही हीच तीन वाक्ये ऐकू येतात. गर्भाशय आणि दाढ यांची तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. परंतु सांभाळणाऱ्याची सोय आणि सांभाळल्या जाणाऱ्याचे हित यांत गल्लत होण्याची वाट दोन्हीकडे सारखीच आहे. दात भरून वाचविता येत असताना ‘कटकटच नको’ म्हणून तो काढून टाकणे, एकाच वेळी पाच-सहा दात उपटून घेणे, हा त्याच वाटेवरचा अलीकडचा मुक्काम होय. सामान्य माणसाचा दात काढण्यापूर्वी डॉक्टर दोनदा विचारतात. मतिमंदाच्या बाबतीत एकदाही विचारले जात नाही, आणि त्याचे जेवण पुढे आयुष्यभर भातपिठल्यावर येते.

युरोपात मात्र हे प्रकरण थेट दातांवरूनच घडले आहे. स्वीडनमधील लुंड येथे विपेहोल्म नावाचे मतिमंदांसाठीचे मोठे सरकारी रुग्णालय होते. तेथे १९४५ ते १९५५ या काळात सरकारी वैद्यकीय मंडळाच्या पुढाकाराने दंतक्षयाचे प्रयोग झाले. गोड खाण्याने दात कसे किडतात हे पाहण्यासाठी रुग्णांना मुद्दाम दाताला चिकटून राहील अशी टॉफी बनवून देण्यात आली. एका गटाला तर दिवसाला २४ टॉफ्या. प्रयोगाला मिठाई उद्योगाचेही साहाय्य होते. रुग्णांची किंवा त्यांच्या नातलगांची संमती घ्यावी, असे कोणास वाटले नाही. १९५४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ४३६ व्यक्तींच्या पाच वर्षांच्या निरीक्षणाचा आधार आहे. अनेकांचे दात कायमचे नासले. साखर किती खाल्ली यापेक्षा ती जेवणांच्या मधल्या वेळी, वारंवार आणि चिकट स्वरूपात खाल्ली का, हे अधिक घातक, हा निष्कर्ष त्यातून निघाला. आज जगभरचे दंतवैद्य आपल्या मुलांना जो उपदेश करतात त्याचा मोठा आधार या प्रयोगात आहे. स्वीडनमध्ये मुलांना फक्त शनिवारी गोड देण्याची जी रीत रूढ झाली, तिचेही मूळ येथेच सांगतात.

कल्याणकारी राज्याचा आदर्श म्हणून ज्या देशाचे गोडवे गायले जातात त्या देशात हे घडले, असे म्हणून समाधान मानण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. शिरूर स्वीडनमध्ये नाही. विपेहोल्म काय आणि शिरूर काय, दोन्हीकडे कुटुंबापासून तुटलेली माणसे भिंतीआड एकत्र ठेवलेली होती, त्यांच्या वतीने बोलणारे नात्याचे माणूस जवळ नव्हते आणि निर्णय घेणारे सर्वजण सुशिक्षित होते. आपल्याकडे अजून बहुसंख्य मतिमंद व्यक्ती घरातच राहतात, आई, आजी, भाऊ-भावजय त्यांचे करतात, हे आपल्या कुटुंबव्यवस्थेचे खरे बळ आहे. परंतु जी आई मुलाचे सर्व काही करते, तिलाच दवाखान्यात ‘तुम्ही त्याचे पाय धरा’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या बळाचा उपयोग कशासाठी होतो आहे, याचा विचार व्हावयास हवा. जगात ज्या एका माणसावर त्या मुलाचा विश्वास असतो, तेच माणूस त्याला दाबून धरणाऱ्यांत सामील होते.

विपेहोल्मच्या टॉफीचा एक धागा तर थेट आपल्या ओसरीपर्यंत येतो. मतिमंद मूल रडू लागले, हट्टाला पेटले, बसस्टँडवर ओरडू लागले की त्याच्या हातात काय दिले जाते? बिस्किटाचा पुडा, गोळी, चहात बुडविलेला पाव. विशेष शाळांतूनही चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून चॉकलेट देण्याची पद्धत बरीच आढळते. यात प्रेम आहे, अगतिकताही आहे, आणि दाताला चिकटणारी साखर दिवसातून दहा वेळा आहे. त्यात फिट्सवरची गोड सिरपे भर घालतात. फेनिटॉइनसारख्या औषधाने हिरड्या वाढून दात झाकले जातात, घासता येत नाहीत, रक्त येते. आणि रक्त येते म्हणून घरचे घासणे थांबवितात. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत दातांच्या किडीपेक्षा हिरड्यांचा आजार लवकर व जोराने होतो. ज्या घरात मोठी माणसेच मिशरी लावतात, तेथे या मुलाला ब्रश कोण धरायला शिकवणार? शिक्षा म्हणजे केवळ दवाखान्यातली जबरदस्ती नव्हे. ती जबरदस्ती ओढवून आणणारी दहा वर्षांची हेळसांडही शिक्षाच असते.

आता संमतीविषयी. कायद्याची भाषा येथे थोडी पाहिली पाहिजे, कारण तिच्याविषयी घराघरांत गैरसमज आहेत. आईवडील मुलाचे नैसर्गिक पालक असतात ते वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत. त्यानंतर मूल बुद्धीने कितीही लहान असले तरी पालकत्व आपोआप चालू राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमण्याचा अधिकार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीला आहे आणि जिल्हाधिकारी त्या समितीवर असतात. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने याहून पुढचे पाऊल टाकले. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे, हे त्याच्या १३ व्या कलमाने मान्य केले, आणि १४ व्या कलमात ‘मर्यादित पालकत्व’ आणले. म्हणजे पालकाने त्या व्यक्तीच्या जागी बसून निर्णय घ्यावयाचा नाही, तर परस्परविश्वासाने तिच्यासह घ्यावयाचा. तोही ठरावीक निर्णयापुरता आणि ठरावीक काळापुरता. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मतिमंदत्वाला मनोविकार मानत नाही, त्यामुळे मनोरुग्णांसाठी केलेल्या तरतुदी येथे लावता येत नाहीत. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच चंडीगढच्या एका प्रकरणात स्पष्ट केला होता. सौम्य मतिमंदत्व असलेल्या तरुणीच्या गर्भाविषयी तिच्या इच्छेविरुद्ध निर्णय घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तत्पूर्वी २००८ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात भुलेखाली असलेल्या सज्ञान महिलेच्या बाबतीत तिच्या आईची संमती पुरेशी नाही, असा निर्णय झाला होता. तातडीचा प्रसंग नसेल तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबावे, असा त्याचा आशय.

डॉक्टर म्हणतील, हे सारे मुंबई-दिल्लीच्या न्यायालयात शोभते, मंचरच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असते. तक्रार रास्त आहे. सद्हेतूने व पालकाच्या संमतीने केलेल्या उपचाराला फौजदारी कायद्याने पूर्वीपासून संरक्षण दिले आहे. भारतीय दंड संहितेचे ८९ वे कलम तेच होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते २७ व्या कलमाच्या रूपाने कायम आहे. तेव्हा प्रामाणिक डॉक्टरला भिण्याचे कारण नाही. परंतु पालकाची सही म्हणजे बळ वापरण्याचा परवाना नव्हे. सही उपचाराला असते. उपचार कोणत्या रीतीने करावा, किती घाईने, किती माणसे लावून, हा प्रश्न सहीने सुटत नाही. अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या संघटनेने रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची जुनी पद्धत २००६ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतून वगळली. तोवर ती पाठ्यपुस्तकी पद्धत होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच्या उलट टोकाची चूकही होते, आणि शहरी सुशिक्षितांत ती वाढते आहे. रुग्ण नको म्हणतो, खुर्चीवर बसत नाही, तेव्हा त्याच्या इच्छेचा मान राखून उपचारच करावयाचे नाहीत. हा मान नव्हे, ही सुटका करून घेणे आहे. ज्याला दाढदुखी आणि कपाळ आपटणे यांचा संबंध सांगता येत नाही, त्याचा नकार दाढेला नसतो; तो प्रखर दिव्याला, यंत्राच्या आवाजाला, पाठीवर आडवे झोपविण्याला, अनोळखी हातमोज्यांना असतो. नकार कशाला आहे हे शोधणे हे वैद्याचे आणि घरच्यांचे काम आहे. सूज गळ्याकडे उतरू लागली, ताप चढला, गिळता येईना, तर ती तातडीची वेळ होय आणि तेथे थांबणे हा गुन्हा ठरेल. केवळ दात साफ करावयाचे असतील तर आज नाही झाले तरी पुढच्या महिन्यात होतील. या दोहोंमध्ये फरक करण्याऐवजी सर्वांनाच एका मापाने दाबून धरले जाते, हे मूळ दुखणे आहे.

आणि मार्ग नाहीत असेही नाही. पहिल्या भेटीत काहीच करायचे नाही. मुलाने खुर्चीवर नुसते बसायचे, आरसा हातात घ्यायचा, घरी जायचे. दुसऱ्या भेटीत दात मोजायचे. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे, ही बालदंतवैद्यकातील सर्वमान्य रीत आहे आणि मतिमंद प्रौढांनाही ती लागू पडते. यंत्र न लावता हाताच्या अवजाराने किडलेला भाग खरवडून ग्लास आयोनोमर भरता येते. त्याला वीज लागत नाही आणि कर्कश आवाजही होत नाही. किडीचा वेग रोखणारे चांदीयुक्त फ्लोराइडचे द्रव औषध ब्रशने लावता येते. दात काळा पडतो, पण दुखत नाही. एवढ्यानेही भागत नसेल तर रुग्णालयात भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत सर्व कामे उरकता येतात. डाऊन सिंड्रोम असल्यास आधी हृदय तपासून घ्यावे लागते, कारण त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो. मानेचे सांधे सैल असण्याचा संभव असल्याने भूल देताना मान जपावी लागते. नेमकी हीच मान चार माणसे ओढाताण करून दाबतात, तेव्हा काय धोका पत्करला जातो याची कल्पना त्यांना नसते. उपटलेला दात किंवा तुटलेला तुकडा झटापटीत श्वासनलिकेत जाण्याचे भय वेगळेच.

अडचण आहे ती अंतराची आणि व्यवस्थेची. आहुप्याच्या माणसाला मंचरचे उपजिल्हा रुग्णालय गाठायचे तरी दिवस मोडतो. पुणे म्हणजे मजुरी बुडवून, मुलाला एस.टी.त सांभाळत केलेला दोन दिवसांचा प्रवास. आरसा हातात घेऊन परत येण्यासाठी हा प्रवास कोण करील? २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतून दात तपासतात, ही चांगली गोष्ट आहे. पण तो कार्यक्रम १८ व्या वर्षी संपतो. त्याच वाढदिवशी आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्वही संपते. त्या दिवसापासून तो मुलगा सरकारी यादीतून आणि कायद्यातील आईच्या हातातून एकदमच निसटतो. २०१६ च्या कायद्याच्या २५ व्या कलमाने ग्रामीण भागात जवळपास आरोग्यसेवा आणि उपचारांत प्राधान्य देण्याचे बंधन शासनावर घातले आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातेही निर्माण केले. ‘मतिमंद’ जाऊन ‘दिव्यांग’ शब्द आला. शब्द सुंदर आहे. खुर्चीपाशी माणसे मोजण्याचा प्रश्न मात्र जुनाच राहिला आहे. महिन्यातून एक ठरलेला दिवस, मंचर येथे दंतवैद्य आणि भूलतज्ज्ञ एकत्र, त्या दिवशी याच रुग्णांना वेळ देऊन घ्यायचे आणि घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाने वाहनाची सोय करायची. मागणी एवढीच आहे आणि तिला नव्या इमारतीची गरज नाही.

शासनाकडे बोट दाखविताना सेवाकार्य करणाऱ्यांनी स्वतःच्या शिबिरांकडेही पाहावे. वनवासी भागातील दंतशिबिरे मोठ्या तळमळीने भरविली जातात. पुण्याहून डॉक्टर स्वखर्चाने येतात, कार्यकर्ते आदल्या रात्री पाड्यापाड्यांवर निरोप देतात. परंतु संध्याकाळी अहवाल लिहिताना आकडा लागतो: इतके रुग्ण तपासले, इतके दात काढले. ज्या मुलाला खुर्चीवर बसवायलाच अर्धा तास लागतो, तो या आकड्याचा शत्रू ठरतो. मग त्याला शेवटी ठेवले जाते, आणि शेवटी उजेड व धीर दोन्ही संपलेले असतात. उत्साही तरुण कार्यकर्ते हातपाय धरायला पुढे होतात, आणि त्यांना ती सेवाच वाटते. शिबिराच्या नियोजनात थोडा बदल केला तर हे टळते. अशा रुग्णांना सकाळी प्रथम घ्यावे. त्यांच्या घरी आधी एकदा जाऊन आईला विचारावे, की तो कशाला घाबरतो, कशाने शांत होतो, दुखते तेव्हा काय करतो. ही माहिती डॉक्टरांच्या कोणत्याही तपासणीतून मिळत नाही. शिबिरात उपटून उरकण्यासारखे नसेल तर उपटू नये, पुढील रुग्णालयाची चिठ्ठी द्यावी आणि चिठ्ठीबरोबर एक कार्यकर्ताही द्यावा. अहवालात ‘आज काही केले नाही, मुलगा खुर्चीवर बसून गेला’ अशीही एक नोंद येऊ द्यावी.

पालकांसाठी दोन कामे तातडीची आहेत. मूल १८ चे झाले असेल किंवा होणार असेल तर स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करणे आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासह ‘निरामय’ आरोग्यविम्यात नाव नोंदविणे. या योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि प्रतिबंधक दंतोपचारही तिच्यात धरलेले आहेत. जुन्नर-आंबेगावातील किती घरांना हे ठाऊक आहे, याची विचारपूस गावोगावच्या कार्यकर्त्यांनी या महिन्यात करावी. अर्जासोबत आईच्या तोंडून उतरवून घेतलेला एक कागदही जोडून ठेवावा: हा मुलगा दुखले की बोलत नाही, डाव्या हाताने कान ओढतो. आई थकल्यावर किंवा गेल्यावर तो कागद त्याच्या भावजयीच्या हाती असेल.